पान्ह्यातली वीज

मुंबईतल्या लोखंडाला पावसाळा बाधतो. जूनमध्ये जिन्याखाली लावून ठेवलेली सायकल गणपतीच्या सुट्टीत बाहेर काढून बघा. चेन लाल झालेली असते, ब्रेकची तार अडकते आणि घंटी ट्रिंग म्हणायच्या ऐवजी खर्र करते. खिडकीच्या ग्रिलखाली भिंतीवर तपकिरी ओघळ उतरलेले असतात. माळ्यावरच्या डब्यातले आजोबांचे पान्हे, पक्कड, कानस, करवत यांच्याकडे तर बघवत नाही. मग घरोघरी ठरलेला संवाद होतो. आई म्हणते, ‘‘भंगारात देऊन टाका ते सगळं.’’ आजोबा म्हणतात, ‘‘हात लावायचा नाही!’’

या भांडणात मी आजोबांच्या बाजूचा. पान्हा लालभडक दिसला तरी गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो, आतलं लोखंड शाबूत असतं. तो गंज घरच्या घरी उतरवता येतो, तेही स्वयंपाकघरातल्या वस्तू वापरून. पण आधी हे बघायला हवं, की गंज चढतो तेव्हा नेमकं होतं तरी काय? कारण त्या वेळी त्या मुक्या पान्ह्यातून चक्क वीज वाहत असते!

एका थेंबाखाली

खोटं वाटतंय? मग लोखंडाचा एक सपाट तुकडा घ्या. काचकागदाने घासून तो चकचकीत करा, पुसा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एकच मोठा थेंब ठेवा. भिंग घेऊन अधूनमधून बघत राहा. थोड्या वेळाने थेंबात नारिंगी रंग दिसू लागेल. पण कुठे? थेंबाच्या अगदी मध्यभागी नाही. मध्य आणि काठ यांच्या दरम्यान एक कडं तयार होतं. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स नावाच्या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रयोग केला आणि गंजाचं बिंग फोडलं.

थेंबाच्या काठाला पाणी उथळ असतं, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तिथे भरपूर पोचतो. मध्यभागी तो कमी पोचतो. म्हणून मध्यभागी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन धातूतच मागे ठेवून पाण्यात उतरतात. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूतून धावत काठाकडे जातात. तिथे ऑक्सिजन आणि पाणी त्यांना उचलायला टपलेलेच असतात. इलेक्ट्रॉन धावले म्हणजे वीज वाहिली. तुमच्या टॉर्चच्या सेलमध्येही हेच घडतं: एका टोकाला धातू झिजतो, इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या टोकाला जातात. इथे सेलही पान्हाच आणि तारही पान्हाच!

पाण्यात उतरलेलं लोखंड आणि काठाला ऑक्सिजन, पाणी व इलेक्ट्रॉन यांच्यापासून बनून आलेला माल यांची वाटेत गाठ पडते, आणखी ऑक्सिजन येऊन मिळतो आणि तयार होतं ते नारिंगी कडं. तोच गंज. म्हणजे जिथे गंज दिसतो तिथेच लोखंड खाल्लं गेलं असं नाही. खड्डा पडतो थेंबाच्या मध्याखाली, गंज साठतो बाजूला. भुरट्या चोराने एका गल्लीत चोरी करावी आणि माल दुसऱ्याच गल्लीत टाकून पळावं, तसा प्रकार.

आता या लाल पावडरीशी तुमची जुनी ओळख आहे, बरं का. गंज म्हणजे लोखंड, ऑक्सिजन आणि थोडं पाणी यांचं संयुग. आपण कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू लाल असतो तोही लोखंड आणि ऑक्सिजनच्या संयुगामुळेच. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि गोरेगावच्या आरेमध्ये वारली लोकांचे पाडे आहेत. वारली चित्रांतली माणसं तांदळाच्या पांढऱ्या पिठाने काढतात आणि त्यांच्या मागची लाल भिंत बहुतेक वेळा गेरूने सारवलेली असते. ती भिंत वर्षानुवर्षं लालच राहते, कारण गेरूतल्या लोखंडाचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. खाणीतही लोखंड अशाच संयुगाच्या रूपात सापडतं. कारखान्यात प्रचंड उष्णता देऊन आपण त्यातला ऑक्सिजन ओढून काढतो, तेव्हा कुठे लोखंड हाती येतं. संधी मिळाली की ते पुन्हा ऑक्सिजनशी जोडी जमवतं.

आणि मुंबईत संधीच संधी

सांताक्रूझच्या वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. पण गंजायला एवढा पाऊस लागत नाही. खरं तर पाऊस मुळीच लागत नाही! हवेची आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो आणि आपला सेल सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या पुढेच असते. म्हणून डब्यात, कपाटात, छपराखाली ठेवलेला पान्हाही लाल होतो.

त्यात समुद्र जवळ. वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणजे सेल जोरात चालतो.

ॲल्युमिनियमचंही ऑक्सिजनशी जुळतं, पण त्याचा थर पातळ, घट्ट आणि चिकटून बसणारा असतो. एकदा बसला की खालच्या धातूला संरक्षण. गंज मात्र भुसभुशीत. त्यातून पाणी आणि हवा आत जातच राहतात. शिवाय गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. जुन्या इमारतीत स्लॅबचे पोपडे पडून आतल्या लाल सळ्या उघड्या पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. काँक्रीटमध्ये सळीला खरं तर चांगलं अभय असतं, कारण सिमेंट अल्कधर्मी असतं आणि तशा वातावरणात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. पण वर्षं उलटतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि खारं पाणी आत झिरपतं, तो थर मोडतो, सळी गंजून फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते.

आता कामाला लागू या

एल.बी.एस. मार्गावर मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या पट्ट्यात आणि अंधेरीला मरोळच्या बाजूला अजूनही छोटे छोटे गाळे आहेत. तिथे लेथ चालतात, प्लेटिंग होतं. तिथली माणसं गंजलेला तुकडा हातात घेतला की आधी नखाने खरवडून बघतात. आपणही तसंच करायचं. नखाने पावडर निघाली तर गंज वरवरचा. पापुद्रे सुटत असतील तर जरा खोल. पान्ह्याला चिरा गेल्या असतील किंवा जबडाच खाल्ला गेला असेल, तर मात्र आईचं ऐका.

पहिला उपाय म्हणजे घासणं. तारेचा ब्रश, काचकागद आणि दोन थेंब तेल. यात रसायनशास्त्र काही नाही, नुसती मेहनत. गंजाची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून तेल लावूनच घासायचं आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. सपाट भागाला हा उपाय छान. पण नटाच्या आतले आटे, चेनचे सांधे, पक्कडीचा बिजागराचा भाग, तिथे ब्रश कुठे पोचणार?

आंबट इलाज

तिथे आंबट पदार्थ पोचतो. वाण्याकडे लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड मिळतं. ग्लासभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्व विरघळवा आणि गंजलेला नट त्यात सोडा. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या, धातूचं नको. व्हिनेगरही चालतं, फक्त ते जरा सावकाश काम करतं. सोबत मोठं माणूस हवं आणि हातात मोजे हवेत.

आता त्या ग्लासाकडे नीट बघा. सुरुवातीला नटाभोवती नारिंगी धूर सुटल्यासारखा दिसतो. पाणी हळूहळू पिवळसर होतं, काही वेळाने हिरवट झाक येते. आम्लाने गंजातलं लोखंड सोडवलेलं असतं, आणि सायट्रिक ॲसिडचे रेणू त्या लोखंडाला चहूबाजूंनी धरून पाण्यात तरंगत ठेवतात. म्हणून ते परत नटावर बसत नाही. गंज विरघळताना बुडबुडे येत नाहीत. बुडबुडे दिसू लागले तर समजा, आम्ल आता गंजाखालच्या चांगल्या लोखंडापर्यंत पोचलंय आणि त्याच्याशी झगडून हायड्रोजन सोडतंय. थोडे बुडबुडे ठीक, पण ग्लास फसफसत असेल तर नट बाहेर काढायची वेळ झाली. काही तासांचं काम असतं. विसरून आठवडाभर ठेवलात, तर नटाचे आटेच बोथट होतील.

फरशी धुण्याचं ॲसिड याहून झपाट्याने काम करतं, पण त्याला हात लावायचा नाही. त्याच्या नुसत्या वाफांनी शेजारच्या शेल्फवरची हत्यारं गंजतात, मग आपल्या नाकाघशाचं काय होत असेल!

नट बाहेर आला की खरी घाई सुरू होते. तो आता राखाडी, स्वच्छ आणि पूर्ण उघडा आहे. पाण्याने धुवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. उरलंसुरलं आम्ल फस्स करून निघून जाईल. लगेच फडक्याने पुसा आणि केस वाळवायच्या ड्रायरने गरम वाऱ्याखाली कोरडा करा. ‘‘काका, पाच मिनिटं थांबलं तर काय होतं?’’ असं आमच्या मजल्यावरच्या एका सातवीतल्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, ‘‘थांबूनच बघ.’’ पावसाळ्याची दुपार होती. तिच्या डोळ्यांदेखत ओल्या नटावर फिकट केशरी झाक चढली. थेंबाखालचा सेल पुन्हा सुरू! म्हणून नट वाळला की ताबडतोब शिलाई मशीनचं तेल लावायचं. तेल पाण्याला आणि हवेला अडवतं, आणि त्या दोघांशिवाय गंज चढत नाही.

लाल गंजाचा काळा गंज

तिसरा उपाय आणखी मजेशीर. गंज काढायचाच नाही, बदलायचा! कडक कोरा चहा करून गार करा आणि गंजलेला खिळा त्यात बुडवून ठेवा. लाल खिळा काळानिळा पडू लागेल. चहात टॅनिन असतं, ते लोखंडाशी जोडलं गेलं की गडद काळं संयुग बनतं. लोखंडी कढईत आवळ्याची भाजी काळी होते ती याच कारणाने. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस वापरून काळी शाई करत. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोखंड. म्हणजे ती शाई आणि तुमचा काळा पडलेला खिळा यांचं रसायन एकच. बाजारात गंजावर थेट लावायची जी द्रावणं मिळतात, त्यांतल्या बऱ्याचशांत टॅनिन किंवा फॉस्फोरिक ॲसिड असतं.

फॉस्फोरिक ॲसिड कोलाच्या पेयांतही थोडंसं असतं, म्हणून कोलात बुडवलेला खिळा थोडा उजळतो. ते गंजाचं लोह फॉस्फेट करतं. फॉस्फेटची करामत बघायची असेल तर दिल्लीला कुतुबमिनारच्या आवारातल्या लोहस्तंभापाशी जा. सुमारे सात मीटर उंच, सहा टनांहून जड आणि जवळजवळ सोळाशे वर्षं जुना. जुन्या भट्टीतल्या या लोखंडात फॉस्फरस बराच आहे. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. फॉस्फरसमुळे स्तंभावर लोह फॉस्फेटचा एक पातळ थर तयार झाला आणि त्यानेच आतलं लोखंड राखलं, असं त्यांनी दाखवलं. दिल्लीची हवा कोरडी, हाही स्तंभाचा फायदा. तोच स्तंभ जुहूच्या किनाऱ्यावर असता तर त्याची परीक्षा फार कडक झाली असती!

वीज उलटी फिरवा

आता सगळ्यांत डोकेबाज उपाय. गंज चढताना लोखंडाने इलेक्ट्रॉन गमावले होते ना? मग ते परत देऊ या की! प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात लिटरमागे मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. एका बाजूला गंजलेला पान्हा, दुसऱ्या बाजूला टाकाऊ लोखंडाची पट्टी, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. बारा व्होल्टच्या डीसी पुरवठ्याचं ऋण टोक पान्ह्याला, धन टोक पट्टीला. आता इलेक्ट्रॉन पान्ह्याकडे ढकलले जातात. पान्ह्यावरून बारीक बुडबुड्यांची दाट रांग उठते, तो हायड्रोजन. गंजाचा काही भाग काळा आणि ढिला होतो, बुडबुडे त्याला खालून उचकटतात आणि पाण्यावर तपकिरी फेस जमतो. पट्टी मात्र झिजत जाते. पान्ह्याचं दुखणं आपण पट्टीच्या गळ्यात बांधलेलं असतं. पट्टीकडे तोंड असलेली बाजू आधी साफ होते, म्हणून मधूनमधून वीज बंद करून पान्हा फिरवावा लागतो.

हा प्रयोग मोठ्या माणसानेच करायचा आणि तुम्ही लांबून बघायचा. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून जागा गच्चीसारखी मोकळी हवी. सोड्याऐवजी मीठ टाकलं तर क्लोरीन हा विषारी वायू निघू शकतो. आणि पट्टी म्हणून स्टीलचा चमचा चालणार नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं आणि या टबात त्याची विषारी संयुगं तयार होतात.

एवढं करूनही एक गोष्ट होत नाही. पाण्यात उतरून गेलेलं लोखंड जागेवर परत येत नाही. गंज उतरला तरी खड्डे राहतात. आजोबांच्या पान्ह्यावर बारीक खळगे दिसले तर ते त्याच्या वयाचे म्हणायचे. बोल्ट सोडवायच्या कामाला त्यांची अडचण होत नाही.

लोकलची वीज आणि जमिनीतले नळ

वीज गंज उतरवू शकते, तशीच ती लोखंड खाऊही शकते. मुंबईत विजेवर धावणारी पहिली रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. तिला १५०० व्होल्टची डीसी वीज मिळत होती. गाडी वरच्या तारेतून वीज घेते आणि ती रुळांतून परत जाते. डीसीवर गाड्या धावतात त्या जगभरच्या शहरांत इंजिनिअरांना एक काळजी असते: यातली थोडी वीज रूळ सोडून जमिनीत शिरते. जमिनीत लोखंडी नळ सापडला की त्यातून ती आरामात प्रवास करते आणि पुढे नळ सोडून पुन्हा मातीत उतरते. जिथे उतरते, बरोबर तिथे नळ झिजतो! आपल्या टबातल्या पट्टीचं जे झालं, तेच. मुंबईच्या लोकल २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्टच्या एसी विजेवर आल्या. हा बदल मुख्यतः जास्त ताकद मिळावी आणि वाया जाणारी वीज वाचावी म्हणून होता. पण एसी विजेची दिशा सेकंदाला कितीतरी वेळा उलटसुलट होते, त्यामुळे नळ झिजवायच्या कामात ती डीसीइतकी तरबेज नसते.

स्टेशनवर उभे राहाल तेव्हा रुळाकडेही एक नजर टाका, पण पिवळ्या रेषेच्या अलीकडूनच. माथा चांदीसारखा चमकतो आणि बाजू तपकिरी असतात. दर थोड्या मिनिटांनी चाकं माथा घासून जातात, गंजाला तिथे बसायला उसंतच मिळत नाही. शेजारची गाड्या न येणारी मार्गिका बघा, तिचा माथाही लालच असतो.

दुसऱ्यासाठी झिजणारा धातू

आता चाळीच्या छपरावरचा पत्रा घ्या. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. रंगासारखा तो फक्त झाकण्याचं काम करतो असं वाटेल, पण त्याची खुबी वेगळीच आहे. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, तरी ते लगेच गंजत नाही. इलेक्ट्रॉन सोडायला जस्त लोखंडापेक्षा उत्सुक असतं. पाणी आलं की सेल तयार होतो खरा, पण झिजतं जस्त, लोखंड बचावतं. तांब्याचं उलट आहे. तांबं इलेक्ट्रॉन सोडायला नाखूष असतं, त्यामुळे ओल्या लोखंडाला तांबं चिकटलं तर झिजायची पाळी लोखंडावर येते.

१८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी ही युक्ती इंग्रजांच्या युद्धनौकांवर करून पाहिली. जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारलेले असत आणि समुद्राचं पाणी ते खात असे. डेव्हींनी त्यांना लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं! पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषाने आजवर लांब राहणारे समुद्रातले शिंपले-कालवं आता निर्धास्तपणे तळाला चिकटले आणि जहाजं मंदावली. शास्त्र बरोबर होतं, समुद्राने हिशोब वेगळा केला.

करून बघा

तीन सारखे नवे खिळे घ्या, काचकागदाने घासून पुसा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याला सोललेली तांब्याची तार घट्ट गुंडाळा. तिसऱ्याला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली तार, तशीच गुंडाळा. तिन्ही खिळे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून सारखंच मिठाचं पाणी घाला आणि दोन-तीन दिवस रोज एकाच वेळी बघा. वाट्यांवर कागद चिकटवून नावं लिहा, नाहीतर घरातलं कोणीतरी त्या घासून ठेवेल. कोणता खिळा आधी गंजेल, कोणता शेवटी? पान्ह्यातली वीज तुम्हाला आता माहीत आहे, तेव्हा उत्तर वाट्यांत बघायच्या आधी वहीत लिहून काढा आणि कारणही लिहा. चुकलं तर वहीतलं खोडू नका. मधल्या वाटीत तार सैल बसली होती का, हे आधी तपासा.